मेतोदीचा दुसरा कागद

"प्लॅन आधी सांगितला, की तो फसलाच पाहिजे," स्लाव्का मावशी म्हणायची. "आणि जमायचा असेल, तर तो कुणाला कळता कामा नये. दरोड्याच्या सिनेमाचा कायदा एवढाच. बाकी सगळी झालर."

हे ती मिरच्या सोलता सोलता सांगायची. सप्टेंबरात सोफियातल्या आमच्या पोदुयाने वस्तीत प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजणं चालू असतं, इमारतींच्या मधल्या बोळांतून तो गोड धूर फिरत असतो, आणि मावशीच्या टेबलावर त्या मोठ्या लाल मिरच्यांचा ढीग वाफाळत पडलेला असतो. एक हात उघडा, दुसऱ्या हातात पांढरा सुती हातमोजा. फिल्मच्या रिळांना बोटांचे डाग पडू नयेत म्हणून जुन्या स्टुडिओत संकलनाला बसणाऱ्या सगळ्या बायका असे मोजे घालायच्या. रिळं गेली, कॉम्प्युटर आले. मावशीने डावा मोजा काही काढला नाही. म्हणे, हात गार पडतो.

तेव्हा ती एका दरोड्याच्या सिनेमाचं संकलन करणार होती; मी त्यात टोळीतली पोरगी होते, हॅकर. खरं म्हणजे मला स्वतःचा फोन नीट वापरता येत नाही. माझं सगळं शिक्षण रंगमंचावरचं. त्यामुळे पटकथा वाचून माझं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा मावशीच्या नवऱ्याने, मेतोदी काकांनी, मला घरी आणलं. "हिला मिरच्यांवर समजावून सांग गं स्लावे," ते म्हणाले आणि खुर्ची उलटी फिरवून प्रेक्षकासारखे बसले.

मावशीने एक जाडजूड मिरची मधोमध ठेवली.

"ही बँक. मालकाने लोकांचे पैसे गिळलेत, लोक बोंबलतायत. ही दुसरी, बँकेची राखण करणारा माणूस. कॉम्प्युटरचा राजा. हा फक्त एकाच माणसाला भितो, ज्याने त्याला शिकवलं त्या म्हाताऱ्या गुरूला." तिने एक सुरकुतलेली, काळपटलेली मिरची उचलली. "हा तुझा आजा."

"थँक्यू," काका म्हणाले; सिनेमातला आजा तेच होते. "टोपलीतली सगळ्यात देखणी उचललीस."

"गप्प बस, मेतो. तर राखणदार चोवीस तास या आजावर नजर ठेवून आहे. फोनवर, इंटरनेटवर, सगळीकडे. आजा जिवंत आहे तोवर बँकेत शिरता येत नाही. मग काय करायचं?"

"आजाला मारायचं?" मी म्हटलं.

"शाबास. पण मारायचं कसं? हॉस्पिटलच्या नोंदी बदलल्या, तर हा राखणदार पाच मिनिटांत खोटेपणा पकडेल. कॉम्प्युटरवरच्या कशावरच तो विश्वास ठेवत नाही. म्हणून पोरं काय करतात? दारावर कागद चिकटवतात."

मला हसू आलं. कागद म्हणजे निधनाचा कागद. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडावर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. बल्गेरियातल्या माणसाला तुम्ही बँकेचं पत्र दाखवा, सरकारी शिक्का दाखवा, तो म्हणेल, खोटं असणार. पण दारावरच्या कागदाला कुणी खोटं म्हटल्याचं मी आजवर ऐकलं नाही.

"राखणदार फुलं घेऊन अंत्यविधीला येतो," मावशी म्हणाली. "रडतो. पहारा सैल पडतो. तो तिकडे थडग्यापाशी, तू इकडे बँकेत. आणि प्रेक्षकालाही वाटतंय की आजा गेलाच. शेवटची दहा मिनिटं उरली, की सिनेमा मागे जातो."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी दाखवलेलंच पुन्हा दाखवतो, दुसऱ्या बाजूने. आपलाच कागद आपल्या हाताने चिकटवणारा आजा. मग नदी, फेरीबोट, बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला माणूस मान वळवतो. आजा!" तिने काळपटलेली मिरची ढिगातून वर काढली. "आता नीट ऐक. मागे जाऊन जो तुकडा दाखवायचा, तो आधी प्रेक्षकाच्या नाकासमोरून गेलेला असला पाहिजे. लपवायचा नाही, समोर ठेवायचा. फक्त त्या वेळी त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. मी आयुष्यभर हेच करत आलेय, लोकांचं लक्ष दुसरीकडे."

काकांनी ती मिरची तिच्या हातातून घेतली आणि मीठ लावून खाल्ली. "आजा अमर आहे," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले.

*

मावशी मूळची व्रात्सा गावची. एकोणिसाव्या वर्षी सरकारी स्टुडिओत लागली, वार्तापटांची रिळं चिकटवायला. ट्रॅक्टरचे कारखाने, स्वागतं, भाषणं. "मी टाळ्या कापायचे," ती सांगायची. "भाषण कितीही लांबलं तरी चालेल, टाळ्या त्याहून लांब हव्यात असा हुकूम. मग एकाच सभेच्या टाळ्या तीनदा जोडायच्या. पहिल्या रांगेतला एक टकल्या एकाच भाषणाला तीन वेळा उठून उभा राहायचा."

कंटाळवाणं बोलणाऱ्या माणसासमोर ती दोन बोटं कात्रीसारखी हलवायची. शब्द नाही, आवाज नाही. मोठमोठे दिग्दर्शक त्या दोन बोटांना वचकून असत.

मेतोदी काका तिला आधी फिल्मवर भेटले. युद्धपटात तिसरा शिपाई. तिने त्यांना तीन सिनेमांतून कापून टाकलं. चौथ्या वेळी ते स्वतःच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, माझं काय चुकतं?"

"तुम्ही मरता फार सावकाश," ती म्हणाली. "गोळी लागल्यावर दुसरे आडवे होतात. तुम्ही आधी टोपी काढून ठेवता."

"नवी टोपी होती. मळली असती."

त्या टोपीवर तिने लग्न केलं, असं ती म्हणायची. मूलबाळ झालं नाही. राजवट बदलली, स्टुडिओ ओस पडला, छतात कबुतरं राहायला आली. मावशीने सॉसेजच्या जाहिराती कापल्या. मग परदेशी लोक आले, सोफियाच्या रस्त्यांचं न्यूयॉर्क करू लागले, तेव्हा तिने स्फोट कापले. काका थिएटरात माझ्याबरोबर होते, दुसऱ्या अंकात येणारे शेजारी, डॉक्टर, पोस्टमन. साठी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदा पोस्टरवर नाव लागेल अशी भूमिका मिळाली, ती या आजाची.

काकांचा एक धाकटा भाऊ होता. गेल्यो. ओर्याहोवोला, डॅन्यूबवरच्या फेरीबोटीवर कामाला. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आई गेली तेव्हा काका प्लोव्दिवला विनोदी नाटकाचा प्रयोग करत होते. निरोप मिळाला, पण प्रयोग सोडता आला नाही. ते गावी पोहोचले तेव्हा माती पडून गेली होती. गेल्यो फाटकातच आडवा उभा राहिला होता. "नट साहेब," तो म्हणाला होता, "आईच्या प्रयोगाला उशीर झाला तुम्हाला. पडदा पडला." त्यानंतर फोन नाही, सणाचं कार्ड नाही.

*

कागदाचा शॉट काकांच्या स्वतःच्याच इमारतीत घ्यायचं ठरलं. दिग्दर्शक यावोर, तिशीतला, उत्साही पोरगा. त्याला खरी वस्ती हवी होती. सामान सांभाळणाऱ्या पांचोने कागद छापून आणले. पात्राचं नावही मेतोदीच ठेवलेलं, आडनाव बारीक अक्षरात वेगळं. आणि फोटो काकांचा.

मावशीने कागद बघितला आणि उलटा करून ठेवला.

"यावोर, जिवंत माणसाचा कागद छापत नाहीत."

"मावशी, सिनेमा आहे!"

"फोटो बदल. दाढी लाव, चष्मा लाव."

"अगं स्लावे," काका मध्ये पडले, "आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा एवढा मोठा छापलाय. राहू दे की!"

पांचोने कागद दारावर लावले. शिवाय रस्ता लांबून दिसणार होता, म्हणून बसथांब्यावर, किराण्याच्या दुकानावर, लिंडेनच्या झाडांवरही लावले. आदल्या दिवशीच. आमच्या वस्तीने ते वाचले.

सकाळी काका मेकअप करून पायरीवर कॉफी पीत बसले होते आणि लोक फुलं घेऊन येत होते. कुणी किंचाळत होतं, कुणी हसत होतं. किराणावाल्या दोन्का काकूने तर काकांच्या तोंडावर फुलं मारली. "मेल्या! माझं ब्लडप्रेशर वाढवलंस की रे!"

"मेल्या म्हणू नकोस दोन्के, आज ते खरं आहे," काका म्हणाले. आम्ही पोटं धरून हसलो.

आणि मग गेल्यो काका आला.

ओर्याहोवोचं कुणीतरी आमच्या वस्तीत राहतं, त्याने बसथांब्यावरचा फोटो बघून गावी फोन केला होता. गेल्यो काका पहाटेची बस धरून आला. काळा कोट, हातात कार्नेशनची चार पांढरी फुलं. जोडीने, सम संख्येत. मेलेल्या माणसाला आम्ही तशीच देतो, जिवंताला विषम.

तेव्हा मी जे बघितलं ते एवढंच: पायरीवर कॉफी पिणारा भाऊ, त्याच्यासमोर उभा काळ्या कोटातला भाऊ, मग जमिनीवर आपटलेली फुलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज.

"पुन्हा मेलास तर मला कळवू नकोस!"

काका त्याच्यामागे धावले. तेवढ्यात यावोरच्या सहायकाने हाक मारली, "काका, ऊन चाललंय, शॉट लागलाय!" काका रस्त्यात थांबले. त्यांनी वळून एक हात वर केला, दोन मिनिटं म्हणून. बस तेवढ्यात गेली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काका ताटातली मिरची चमच्याने नुसती फिरवत होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"स्लावे, तुला एक गंमत सांगतो."

"सांगू नकोस," मावशी म्हणाली. तिने त्यांचा चेहरा ओळखला होता.

"अगं ऐक तरी. शेवटचा फेरीबोटीचा शॉट कुठे आहे? ओर्याहोवोला. यावोरला ती जागा कुणी सुचवली? मी! म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी मी गेल्योच्याच बोटीवर बसणार. तो दोर सोडायला येणार, मी बिया फोडत मान वळवणार. पळून पळून जाणार कुठे? नदीच्या मधोमध आहोत आपण. मी म्हणणार, गेल्या, आईच्या वेळी मी..."

मावशीने मोजा घातलेला हात त्यांच्या तोंडावर ठेवला. "मेतो, सांगू नकोस रे. सगळा सांगितलास."

ते तिच्या हाताआड हसले.

*

ऑक्टोबरच्या मध्यावर, शेवटच्या मिरच्यांची पिशवी घेऊन जिना चढताना काका तिसऱ्या मजल्यावर बसले. टोपी काढून शेजारी ठेवली. मग आडवे झाले. मिरच्या पायऱ्यांवरून खाली, पार दारापर्यंत घरंगळत आल्या.

रुग्णवाहिका आली तेव्हा खालचे लोक म्हणाले, "बघा, आता गाडी पण आणली. खर्च करतायत पोरं."

मावशीने स्वतः कागद छापून आणला. स्वतः चिकटवला. दारावर, बसथांब्यावर, दुकानावर. वस्तीने बघितला आणि डोळा मारला.

मी मावशीबरोबर पाव आणायला गेले होते तेव्हाचं दोन्का काकूचं वाक्य माझ्या कानातून जात नाही.

"या वेळी फोटो बरा निवडलाय हो!"

मावशी पाव छातीशी धरून उभी. "हो," ती म्हणाली. "या वेळी मी निवडला."

दोन्का काकू हसत हसत सुट्टे शोधत होती. मग तिने मान वर केली, मावशीकडे बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी राहून गेलं, आत घ्यायलाही तिला सुचलं नाही.

अंत्यविधीला आम्ही सिनेमावाले आणि थिएटरातले मूठभर. वस्तीतले नंतर आले, नवव्या दिवशी, खाली माना घालून. गेल्यो आला नाही. मावशीने त्याला फोन केला होता. "गेल्यो, मेतोदी..." एवढंच बोलू दिलं त्याने. "तुमच्या दिग्दर्शकाला सांगा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

चाळिसाव्या दिवसापर्यंत आत्मा घराभोवती असतो, आमच्याकडे मानतात. मग निघून जातो. मावशीला देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण त्या दिवसांत ती एकच गोष्ट बोलायची. "चाळिसाव्याच्या आत गेल्योने यायला हवं. आईच्या वेळचं मेतोच्या मनात तसंच राहिलं होतं. तेच घेऊन गेला तर?"

यावोर मात्र सिनेमात अडकला होता. परतणारा आजाच गेला, तर सिनेमा परतणार कसा? तो घरी आला, टोपी हातात घेऊन.

"मावशी, रागवू नका. तेवढ्याच बांध्याचा माणूस पाठमोरा बसवू. चेहरा कॉम्प्युटरवर चढवता येतो आता. काकांचे एवढे शॉट आहेत आपल्याकडे, ते मान वळवतील, हसतील पण. लोकांना कळणार नाही."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. दोन बोटं वर आली, कात्री एकदाच मिटली.

*

ओर्याहोवोला गाडी मी चालवली. व्रात्सापर्यंत मावशी खिडकीबाहेर बघत होती. मांडीवर लॅपटॉप, डाव्या हातात मोजा. व्रात्सा मागे पडल्यावर म्हणाली, "मी बोलेन. तू रडू नकोस."

"मी कशाला रडू?"

"तू रडतेस. चांगली रडतेस. तेच नको."

गेल्यो काका अंगणात मधाच्या पेट्यांवर थंडीसाठी गोणपाट बांधत होता. आम्हाला बघून त्याने दोराची गाठ पुरी केली. मग फाटकापाशी आला आणि आमच्याकडे नाही, आमच्या मागे बघायला लागला. गाडीच्या मागच्या काचेतून आत बघितलं. कुंपणापलीकडे वाकून बघितलं.

"कुठे आहे?" तो म्हणाला.

"गेल्यो," मावशी म्हणाली.

"डिकीत बसवलाय? या वयात? कंबर धरेल त्याची." त्याने आवाज चढवला. "ये रे बाहेर, मेतो! सूप निवतंय!"

कुत्रा भुंकला. बाकी काही नाही.

"कॅमेरा कुठे लावलाय, वहिनी? त्या अक्रोडात?"

"गेल्यो, तो गेला. ऑक्टोबरात. जिन्यात."

"हां. आणि ही कोण?"

"मी... काकांबरोबर थिएटरात," मी म्हटलं, आणि सांगितलं होतं तरी माझे डोळे भरून आले.

त्याने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, बाजारात खरबूज बघावं तसं. "छान," तो म्हणाला. "हनुवटी पण थरथरते. शिकवतात वाटतं हे?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रडण्याची लाज वाटली. मी तोंड फिरवलं. ते त्याला अजूनच नाटकी वाटलं असणार.

मावशी वाद घालत बसली नाही. ती सरळ चालत गेली, मधाच्या एका रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवला, उघडला.

"मी सांगायला आले नाही," ती म्हणाली. "सांगितलेलं तुला पटणार नाही. बघ फक्त. तुझाच शॉट आहे."

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दुसरा कॅमेरा होता. चालू करून ठेवलेला, कुणाचं लक्ष नसलेला. रोजचं सगळं चित्रीकरण संध्याकाळी मावशीपुढे यायचं, त्यात हाही तुकडा आला होता. तिने तो कचऱ्यात टाकला नव्हता.

पडद्यावर आमचा रस्ता. पायरीवर काका, हातात कॉफी. डावीकडून काळा कोट येतो. चालता चालता दारावरचा कागद वाचतो, डोक्यावरची टोपी काढतो. मग त्याची नजर खाली पायरीवर जाते.

मावशीने बटण दाबलं. चित्र सावकाश हलायला लागलं.

गेल्यो काकाचं तोंड उघडं पडतं. भुवया वर जातात. आणि तो हसतो. सगळे दात दाखवून, शाळा सुटल्यावर पोरगं हसतं तसं. फुलांचा हात आपोआप वर उचलला जातो. तो पळायला लागतो, एक पाऊल, दोन पावलं, हात पसरलेले. पायरीवरचे काका कॉफी सांडत उठतात आणि तेही तसेच हसतात, अगदी तसेच, एकाच आईचं हसू. मग गेल्यो काकाला दिवे दिसतात. कॅमेरा दिसतो. हात खाली येतात.

आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी त्याचा राग बघितला होता. हे आमच्या नाकासमोर घडलं होतं आणि आमचं लक्ष दुसरीकडे होतं.

"हा मी?" गेल्यो काका म्हणाला.

"तू. आणि हे त्याने बघितलं. ओरडलास ते त्याने मनावर घेतलं नाही. महिनाभर मला तुझं हे हसू करून दाखवायचा, वाईट करायचा, पण करायचा."

चित्र पुढे चाललं. फुलं खाली आपटतात, काळा कोट जातो, काका मागे धावतात, पायरी रिकामी. बऱ्याच वेळाने काका परत येतात. वाकून फुलं उचलतात. एक, दोन, तीन, चार. कॅमेरा चालू आहे हे एव्हाना त्यांच्या लक्षात आलेलं असतं. ते त्याच्याकडे बघतात, त्यातलं एक फूल वेगळं काढतात, कोटाच्या आतल्या खिशात घालतात. तीन उरतात. ती कॉफीच्या ग्लासात ठेवतात.

"चार दिली गाढवाने," पडद्यावरचे काका म्हणतात. "एक काढलं. झालो जिवंत."

गेल्यो काकाच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला. "गाढव म्हणतो मला," तो म्हणाला. "बघ, मी सांगतोय ना. हा असा मरत असतो होय?"

मावशीने लॅपटॉप मिटला. उजव्या हाताने डाव्या हातातला मोजा काढला, घडी घातली. मी तिचा तो हात कधी नीट बघितलाच नव्हता.

"ती तीन फुलं माझ्या खिडकीत होती," ती म्हणाली. "वाळली तरी त्याने टाकू दिली नाहीत. मी त्याला तोच कोट घातला, गेल्यो. आणि खिशातलं चौथं फूल परत त्या तिनांत घालून ती त्याच्याजवळ ठेवली."

वारा नव्हता. नदीवरून बोटीचा भोंगा ऐकू आला. गेल्यो काका मावशीच्या उघड्या हाताकडे बघत होता.

"चारही?"

"चारही."

तो पेटीच्या कडेवर बसला. हळूच, पेटी मोडेल की काय असं वाटल्यासारखा.

"मी म्हणालो होतो, पुन्हा मेलास तर कळवू नकोस."

"म्हणाला होतास."

"आयुष्यात कधी माझं ऐकलं नाही त्याने," गेल्यो काका म्हणाला. "हे तेवढं ऐकलं."

मग तो रडला. त्याची हनुवटी थरथरली नाही. फार कुरूप रडला, नाकातून, खोकत. मी आता कुठेही रडायला लागले, की मला ते आठवतं आणि मी थांबते.

बऱ्याच वेळाने मावशीने त्याला बोटीचं सांगितलं. काकांचा तो सगळा बेत: बाक, बिया, दोर, नदीची मधली धार. गेल्यो काकाने मान खाली घालून ऐकलं.

"मी उतरवला असता त्याला," तो म्हणाला. "नदीत. मग काढला असता."

परतताना गाडीत मावशीने यावोरला फोन लावला.

"बाक रिकामा राहील," ती म्हणाली. "पोरगी बोटीवर येते, बाकावर बियांची टरफलं पडलेली असतात. ती वाट बघते. बोट पलीकडे लागते. संपलं."

यावोरचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मावशी, पण सगळी रचनाच त्याच्या येण्यावर उभी आहे! लोक वाट बघत बसतील हो!"

"बसू देत," मावशी म्हणाली. "आपण नाही बसलो?"

*

चाळिसाव्या दिवशी पहिलं बर्फ पडून गेलं होतं. मावशीने साखर घातलेला उकडलेला गहू वाटला. आम्ही मातीवर वाइन ओतली, देव त्याला क्षमा करो म्हणालो. पोदुयानेतून अर्धी वस्ती आली होती. दोन्का काकू सगळ्यांच्या मागे उभी राहून नाक पुसत होती.

गेल्यो काका पहाटेच्या बसने आला. तोच काळा कोट. हातात चार पांढरी कार्नेशन. त्याने ती थडग्यावर ठेवली, नीट, एकेक करून. क्रूसावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. आडनावावरून बोट फिरवलं. या वेळी ते बारीक अक्षरात नव्हतं.

सगळे वळून फाटकाकडे चालायला लागले. तो थांबला. मी मागे बघितलं. थडग्याशेजारी एक जाड लिंडेन आहे. गेल्यो काका त्या झाडापाशी गेला आणि बुंध्यामागे वाकून बघितलं. मग पलीकडच्या झाडामागेही.

आमच्यात कुणी हसलं नाही. स्लाव्का मावशी तिथेच उभी राहिली, मोजा नसलेला हात पुढे धरून, त्याचं बघून होईपर्यंत.